गळाचं गांडूळ

चिरंजीव बाळास,
प्रभूच्या नावाने आशीर्वाद.

तू विकलेली मोटारसायकल घेऊन तुझा मामेभाऊ परवा आला. मागे निळा धूर. मेकॅनिक म्हणतो, इंजिन ऑइल खातंय, आणि हे आजचं नाही. फोनवर तू म्हणालास, "पप्पा, मी एक शब्द खोटा बोललो नाही. टायर नवे, बॅटरी नवी, सर्व्हिसिंग केलेलं." खरं आहे. पावत्या मी पाहिल्या. म्हणून तर फोनवर गप्प बसलो आणि आता लिहायला घेतलं.

बायबलच्या नव्या करारात आपण 'कपट' वाचतो, तिथे मूळ ग्रीक शब्द बहुतेकदा 'डोलोस' असतो. शब्द ख्रिस्ताच्या कितीतरी शतकं आधीचा. ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात खडकावर बसलेला कोळी लांब काठीने माशांना आमिष टाकतो, ते डोलोस. पोटात शत्रूचे सैनिक लपलेला, ट्रॉयच्या लोकांनी आपल्याच हातांनी गावात ओढून नेलेला लाकडी घोडा, तोही डोलोस. आता बघ, गळाला लावलेलं गांडूळ काही खोटं नसतं. चांगलं ताजं, वळवळणारं असतं. मासा खऱ्या गांडुळालाच फसतो.

पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय काढ. पहिल्या वचनात कपट टाकून द्यायला सांगितलंय, दुसऱ्यात निऱ्या दुधाची इच्छा धरायला. हे 'निरं' म्हणजे ग्रीकमध्ये 'आडोलोन', ज्यात डोलोस नाही ते. मराठीत वाचताना हा धागा हाताला लागत नाही.

मला मात्र तो चांगलाच लागला. तू लहान असताना, एका पावसाळ्यात, कॅनमध्ये दोन तांबे पाणी ओतून मी डेअरीवर गेलो होतो. दुधाची डिग्री, म्हणजे घट्टपणाचं माप, कमी आली. सचिवांनी विचारलं, तर म्हणालो, "हल्ली हिरवा चारा लई खातीय गाय." खातच होती, बांधावर गवत माजलं होतं. ते बरं म्हणाले. तुझ्या आईने तांब्या पाहिला होता. आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पुढे शिष्य झालेल्या नथनेलाला पाहून येशू म्हणतो, हा खराखुरा इस्राएली, ह्याच्या ठायी कपट नाही. आणि इस्राएल कोण? याकोब, त्याचंच हे दुसरं नाव! थोरल्या एसावाचा आशीर्वाद त्याने लाटला, तेव्हा बाप इसहाक एसावाला ज्याच्याबद्दल म्हणतो, तुझा भाऊ कपटाने आला, तोच. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तिथेही डोलोसच आहे. चर्चमधले पाळकसाहेब यावर कधी बोलतात, याची मी वाट पाहतोय.

तुझा मामेभाऊ काही बोलला नाही. चहा पिऊन गेला. पिस्टन-रिंगांचं काम निघेल म्हणतात, आकडा शनिवारी कळेल. पैसे मी देणार नाही. त्याला फोन तूच कर, आणि टायरांपासून सुरुवात करू नकोस.

तुझा,
पप्पा