डोक्याला मार लागूनही खेळत राहणं ही लढाऊ वृत्ती नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला आयर्लंडचा रग्बीपटू जॉनी सेक्स्टन याच्यावरचा लेख वाचला. मराठी पेपरात रग्बीवर अर्धं पान बघून इतका आनंद झाला की नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवला, आणि मग वाचत वाचत त्या वाक्यापाशी आले, 'डोक्याला मार लागला तरी मैदान न सोडणारा लढवय्या', तेव्हा सकाळ जी बिघडली ती बिघडलीच. शांत झाल्यावर लिहू म्हटलं होतं, पण आजही शांत काही झालेले नाही.

२००९ ला डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर दुसरा खेळाडू जखमी झाला म्हणून आयत्या वेळी उतरला ते, २०११ च्या युरोपियन क्लब स्पर्धेच्या फायनलला कार्डिफमध्ये त्याचा क्लब लेन्स्टर २२-६ ने मागे असताना मॅच फिरवली ते, २०१८ चा पॅरिसचा शेवटच्या क्षणीचा ड्रॉप गोल (चेंडू टप्पा पाडून किक मारून खांबांमधून घालवतात तो), हे सगळं तुमच्या लेखकाने छान लिहिलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण २०१४ कुठे गेलं? तेव्हा तो पॅरिसमध्ये रासिंग क्लबकडून खेळायचा, वर्षभरात डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं १२ आठवडे खेळायचं नाही. त्यामुळे २०१५ च्या सिक्स नेशन्सची, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या दरवर्षीच्या स्पर्धेची, पहिली मॅच, रोमला इटलीविरुद्धची, त्याच्याशिवाय झाली. पुढच्या मॅचला फ्रान्सविरुद्ध डब्लिनमध्ये परत आला, आणि ती स्पर्धा त्या वर्षी आयर्लंडनेच जिंकली. म्हणजे तो बसला म्हणून काही आभाळ कोसळलं नाही. आणि त्यानंतर खेळला कधीपर्यंत, तर ऑक्टोबर २०२३ पर्यंत, वयाच्या ३८ व्या वर्षापर्यंत. २०१८ ला जगातला सर्वोत्तम खेळाडू, २०२३ ला कॅप्टन म्हणून ग्रँड स्लॅम (सिक्स नेशन्समधल्या सगळ्या मॅचेस जिंकणं), आयर्लंडकडून ११८ मॅचेस आणि ११०८ पॉइंट्स, यातलं बहुतेक सगळं मोठं त्या १२ आठवड्यांच्या नंतरचं आहे. मैदान सोडलं म्हणून तो एवढा टिकला असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तुमच्या लेखात नेमकं तेच नाही.

मी एवढी का चिडलेय ते सांगते. माझा मुलगा इथे डब्लिनमध्ये शाळेकडून खेळतो, सेक्स्टनसारखाच दहा नंबर, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा. मागच्या हिवाळ्यात एका मॅचमध्ये टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडताना, समोरच्या मुलाचा गुडघा त्याच्या डोक्यात बसला, पडला तो तसाच पडून राहिला, मग उठला पण चेहरा पांढराफटक, आणि चालत गेला तो थेट दुसऱ्या टीमच्या पोरांमध्ये जाऊन उभा राहिला. मी मैदानाच्या कडेच्या रेषेवरून ओरडत होते त्याला बाहेर काढा बाहेर काढा, तर कोच म्हणाले काही नाही, श्वास कोंडलाय फक्त, पालकांनी दोरीच्या मागे राहावं. पाणी पाजलं आणि पूर्ण मॅच खेळवलं. घरी येताना गाडीत मुलगा मला विचारतोय, आई मॅच किती वाजता सुरू होणार? नंतर उलट्या, इमर्जन्सीत रात्रभर, आणि डॉक्टरांनी सांगितलं कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला धक्का. मग कितीतरी दिवस खोलीत पडदे लावून, उजेड सहन नाही, पुस्तकातली ओळ वाचली की डोकं दुखायचं. त्यानंतर कोचना भेटायला गेले तर ते मला काय म्हणाले, 'सेक्स्टन असता तर खेळलाच असता.' तुमचं वाक्य वाचलं आणि ते गृहस्थ पुन्हा माझ्यासमोर येऊन उभे राहिले!

इथला नियम अगदी सरळ आहे. कन्कशनचा नुसता संशय आला तरी बाहेर, त्या दिवशी परत यायचं नाही, आणि मुलांना तर पुढची मॅच खेळायला तीन आठवड्यांहून जास्त थांबावं लागतं. टीव्हीवर दिसतं की मोठा खेळाडू आत गेला, तपासणी झाली आणि दहाबारा मिनिटांत परत आला, ते सगळं व्यावसायिक मॅचेससाठी, तिथे डॉक्टर असतात, व्हिडिओ बघणारी माणसं असतात. शाळेच्या मैदानावर यातलं काही नसतं. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये १४ वर्षांचा मुलगा शाळेच्या मॅचमध्ये डोक्याला मार लागूनही खेळत राहिला आणि जिवानिशी गेला. त्याच्या घरच्यांनी नंतर वर्षानुवर्षं यासाठी आवाज उठवला. हे इथल्या प्रत्येक आईला माहितीय.

आयर्लंडचाच खेळाडू पॉल ओ'कॉनेल याचा उल्लेखही तुम्ही याच कौतुकाच्या सुरात केलाय, २००२ मध्ये वेल्सविरुद्ध पहिल्याच मॅचला डोक्याला मार लागलेल्या अवस्थेत ट्राय केला (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून पॉइंट्स मिळवले) म्हणून. अहो, तो ट्राय त्याला स्वतःला आठवत नाही, हे त्यानेच सांगितलंय. माणसाला आयुष्यातला पहिला आंतरराष्ट्रीय ट्राय आठवत नाही यात मला तरी कौतुक वाटण्यासारखं काही दिसत नाही, वाईट वाटतं.

सेक्स्टनच्या बाबतीतही सगळंच मला पटलं असं नाही. २०२२ ला न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या मॅचला डोक्याच्या तपासणीसाठी बाहेर गेला तो परत आला नाही आणि पुढच्याच शनिवारी डनीडनला खेळला. पुढच्या तपासण्या पास झाला होता, नियमात बसत होतं, आयर्लंडने ती सिरीजही जिंकली, तरी मला ते अजिबात आवडलं नव्हतं आणि तेव्हाही मी घरात तसं बोलले होते.

आपल्याकडे आता हा खेळ वाढतोय, २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीत रग्बी प्रीमियर लीग झाली, शाळांमधून पोरं खेळतायत. कबड्डीत तर आधीपासूनच पोरं डोक्यावर आपटतात आणि बाकीचे म्हणतात ऊठ, माती झटक, काही होत नाही. तुमची पुरवणी ही पोरं वाचतात, त्यांचे सर वाचतात. म्हणून कळकळीची विनंती आहे, ऑनलाइन लेखातलं ते वाक्य काढा आणि २०१४ च्या १२ आठवड्यांचं तिथे घाला.

आणि फोटोचंही बघा. खाली 'आयर्लंडच्या जर्सीत सेक्स्टन' असं लिहिलंय आणि जर्सी निळी आहे. ती लेन्स्टरची, त्याच्या क्लबची. आयर्लंडची हिरवी असते. अर्धं पान देता तर एकदा कुणीतरी तपासायला नको का?

आपली नियमित वाचक,
डब्लिन