दारावरची रंगीत काच डेब्रिजमध्ये टाकू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गिरगाव, दादर, लालबागच्या जुन्या चाळी रिडेव्हलपमेंटला जातायत, त्यावर पेपरात सारखं काही ना काही येतं, भाडं, कॉर्पस, कारपेट एरिया. एक गोष्ट मात्र मला कुठेच वाचायला मिळाली नाही म्हणून लिहितेय. या घरांच्या दारांवर, जिन्याच्या खिडक्यांना जी हिरवी निळी पिवळी नक्षीची काच असते, तिचं पाडकामात काय होतं? मी पाहिलंय ते असं की सागवान नीट उतरवून विकतात, ग्रिल भंगारवाला वजनावर नेतो, आणि काच तिथेच फोडून डेब्रिजच्या ट्रकमध्ये.

मी फ्यूज्ड ग्लासचं काम करते, म्हणजे काच कापायची, तुकडे एकावर एक रचायचे आणि इलेक्ट्रिक भट्टीत एकजीव करायचे, त्यातून पेंडंट, कानातले, दिव्याच्या थाळ्या होतात. गेल्या वर्षी गिरगावातली आत्याची चाळ पाडायला घेतली तेव्हा मी पोचेपर्यंत तिच्या मजल्यावर पहार चालू झाली होती. आत्या खाली जिन्यापाशी उभी. ती कधी काच फुटली असं म्हणत नाही, बांगडीसारखी वाढली म्हणते, त्या दिवशी काहीच बोलली नाही. मला अख्खी सात तावदानं मिळाली, दोन हिरवी, एक निळं, बाकीची साधी नक्षीची.

आता ही काच मिळाली म्हणजे लगेच दागिना होतो असं नाही, आणि माझी विनंती काय आहे ते कळायला हे सांगायलाच हवं. प्रत्येक काच गरम झाल्यावर वेगवेगळी प्रसरण पावते. हस्तकलेसाठी जी खास काच मिळते तिचा प्रसरणाचा आकडा 90 किंवा 96 असतो, खिडकीच्या साध्या काचेचा साधारण 82 ते 87, आणि जुन्या रंगीत काचेचा कोणालाच माहीत नसतो. मी घाईत आत्याच्या हिरव्या काचेचा तुकडा बाजारातल्या नव्या काचेवर ठेवून भाजला, सकाळी भट्टी उघडली तर इतका सुंदर दिसत होता की मी लगेच आत्याला फोटो पाठवला, आणि तिसऱ्या दिवशी कपाटात ठेवल्या ठेवल्या तो मधोमध तडकला. थंड होताना एक काच जास्त आक्रसली, दुसरी कमी, तो ताण आतच राहिला होता. तेव्हापासून मी एका तावदानाची काच त्याच तावदानाच्या काचेला लावते. तीन मिलिमीटरचे दोन थर, 800 अंशांच्या थोडं वर, मग 540 च्या आसपास थांबवून अगदी हळूहळू थंड. रात्रभर भट्टीला हात लावायचा नाही. आत्याचं हिरवं पेंडंट असंच झालं, ती ते रोज घालते.

म्हणून तुकड्यांचा ढीग मिळून आमचा फारसा उपयोग नाही, तावदान अख्खं आणि वेगळं ठेवलेलं हवं. पाडकाम सुरू व्हायच्या आधी सोसायटीने किंवा बिल्डरने एक सुतार बोलावून चौकटीच्या लाकडी पट्ट्या काढून घ्याव्यात, काच रद्दी पेपरात गुंडाळावी आणि वर खोली नंबर लिहावा. एका मजल्याला फार तर अर्धा दिवस जाईल. 2016 च्या बांधकाम कचऱ्याच्या नियमांत मोठ्या कामांना काँक्रीट, माती, स्टील, लाकूड, प्लास्टिक, विटा वेगळं करायला सांगितलं होतं, काचेचं नाव त्यात नव्हतं, त्यामुळे मला वाटतं हे लोकांनी मनावर घेतलं तरच होईल. (जुन्या काचेत आणि चौकटीच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून चौकट कोरडी घासू नका, आणि अशा काचेची थाळी कोणी दिली तर त्यात खायचं ठेवू नका, फुलं किंवा पणती ठेवा.)

आपल्याकडे 1908 साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला तो लोकांकडून एकेक पैसा जमवून. काच इथे बनावी म्हणून लोकांनी खिशातले पैसे दिले होते, हे मला पहार चालताना सारखं आठवत होतं.

आमच्यासारखे काचकाम करणारे स्वतः येऊन काच घेऊन जातील, मी तर नक्की येईन. घरमालकांना हवं असेल तर त्यातला एक तुकडा त्यांच्यासाठी घडवून देईन, त्याचे पैसे नकोत. आत्याच्या शेजारच्या चाळीचं पाडकाम पावसाळ्यानंतर आहे, तिथे जिन्यावर निळ्या काचेची अख्खी रांग अजून शाबूत आहे.

आपली,
एक वाचक, दादर