आई-बाबा, चिंचपाड्याला जायचं ठरलंय

प्रिय आई-बाबा,
प्रभूमध्ये सलाम.

फोनवर सांगायला घेतलं की आई, तुझा आवाज ऐकूनच माझा धीर सुटतो, म्हणून लिहितेय. मी आयर्लंडला जात नाही. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलला होकार कळवलाय, एक तारखेला रुजू व्हायचंय.

बाबा, तुम्ही सोसायटीतून कर्ज काढून माझ्या परीक्षेची फी भरलीत, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. हप्ते मीच फेडणार. तिथला पगार कमी असला तरी हिशेब बसतो, दादाला दाखवलाय.

मागे तिथं मदतीला गेले होते, तेव्हा सिकलसेलचा एक मुलगा आला होता. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं अशी ठणकतात की पांघरुणाचा भारही सोसवत नाही. तिकडच्या आदिवासी पाड्यांत हे दुखणं पुष्कळ. सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. त्याची आई तिच्या बोलीत काहीबाही विचारत होती, मला एक शब्द कळेना. मी त्याचे गुडघे शेकत रात्रभर बसले. पुण्याच्या आयसीयूत इतकी वर्षं काढली, पण आपण इथंच असायला हवं असं तिथं एकदाही वाटलं नव्हतं.

बायबलमधल्या लहानग्या शमुवेलाला देवानं रात्री नावानं हाक मारली, तशी हाक मला ऐकू आली नाही. प्रार्थना करत राहिले, पाळकसाहेबांशी बोलले, आयर्लंडचे कागदही भरत राहिले. मन मात्र दर वेळी चिंचपाड्यालाच जाऊन थांबायचं. बाबा, पुढच्या खोलीत तुम्ही यिर्मया संदेष्ट्याचं ते हिताच्या संकल्पांचं वचन लावलंय ना? बाबेलात नेलेल्या कैद्यांना लिहिलेल्या पत्रातलं ते. त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबायचं सांगितलंय, आणि त्याआधी, तिथंच घरं बांधा, मळे लावा, त्या नगराचं हित पाहा. पत्र ऐकणाऱ्यांतले कितीतरी जण परत गेलेच नसतील, तरी देवाचा संकल्प हिताचाच होता. पाच वर्षांनी मी कुठं असेन ते मला ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे, आणि मला ते पुरतं. शिवाय आरोळे डॉक्टर वेल्लोरला शिकून १९७० साली जामखेडला खेड्यापाड्यांतल्या गरिबांच्या सेवेसाठी आले, हे मला लहानपणी तुम्हीच कौतुकानं सांगायचात.

देवाचं नाव पुढं करून मी तुम्हाला वाऱ्यावर सोडतेय, असं मनातही आणू नका. ‘देवाला अर्पण केलंय’ म्हणत आई-बापांसाठी हात आखडणाऱ्यांना प्रभूनं कसं सुनावलंय, ते मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. तो भाग पुनःपुन्हा वाचूनच मी होकार दिला. तुमची औषधं महिन्याच्या महिन्याला मेडिकलवाला घरपोच देईल, पैसे मी परस्पर भरीन. धुण्याभांड्याच्या मावशी आता फरशीही पुसतील. दादा दर शनिवारी येईल. काही दुखलंखुपलं तर दुसऱ्या दिवशी मी दारात हजर. आज्जीच्या वेळी झालं तसं पुन्हा होऊ देणार नाही.

आई, संध्याकाळच्या प्रार्थनेत मी तुझ्या मांडीवर झोपून जायचे आणि बाबांच्या ‘आमेन’ला दचकून उठायचे. अजूनही एकटीनं प्रार्थना करताना शेवटी तोच आवाज कानात येतो. तुम्ही नाराज असाल तर मला तसं सांगा, पण त्या प्रार्थनेतून माझं नाव गाळू नका.

आता ऐका. बाबा, उपासनेनंतर चहाबरोबर बिस्किटं बंद. अंगणात अनवाणी फिरायचं नाही, रोज रात्री तळपाय बघायचे, साखर असलेल्याला जखम झालेली कळत नाही. तीन महिन्यांची रक्ततपासणी चुकवलीत तर मला रिपोर्टवरून समजेलच. आई, खाली बसून भाकरी थापणं आता पुरे, ओट्याशी उभी राहून कर आणि गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवू नकोस. लोक आयर्लंडचं विचारतील, त्यांना माझा नंबर दे, तू उत्तरं देत बसू नकोस.

मी रविवारी येतेय. बाबा, तेव्हा जे बोलायचं असेल ते बोला, मी सगळं ऐकून घेईन.

तुमचीच,
छकुली