युरियासोबत टॉनिकची बाटली कशाला?

संपादक साहेब,

युरिया मागायला गेलं की दुकानदार पिकाच्या टॉनिकची एखादी बाटली गळ्यात मारतोच, आमच्या निफाडकडं याला सरळ लिंकिंग म्हणतात. आता टॉनिक म्हणजे सगळं फसवंच असं नाही हं, समुद्री शेवाळाच्या अर्कात सायटोकायनिन, ऑक्सिनसारखी संप्रेरकं असतात, पांढरी मुळी चांगली चालते, उन्हाच्या ताणात द्राक्षवेल तग धरतो, काही टॉनिकांत असणाऱ्या ह्युमिक ॲसिडनं (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातलं आम्ल) अन्नद्रव्यं उचलायला मदत होते. रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बायका हेच शेवाळ दोऱ्यांवर वाढवतात आणि त्याचा रस काढायचं तंत्र भावनगरच्या सरकारी संस्थेनं बसवलंय, म्हणजे मूळ माल अस्सल आहे. पण हे खत नव्हे, जमिनीत शेणखत, कंपोस्टच नसेल तर बाटली काय करणार!

केंद्रानं २०२१ मध्ये बायोस्टिम्युलंट, म्हणजे हीच पिकाची टॉनिकं, खत नियंत्रण आदेशात घेतली, तरी जुलै २०२५ मध्ये कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान स्वतःच म्हणाले की आधी तब्बल ३० हजार उत्पादनं बिनधास्त विकली जात होती, आता कडक नियमांनंतर साडेसहाशेच्या आसपास उरलीत. मग ती मंजूर यादी मराठीत छापून प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या दारावर लावायला काय हरकत आहे? आणि पक्कं बिल मागितलं तर तोंड वाकडं करू नका म्हणावं.

– एक द्राक्ष बागायतदार, निफाड