इंजिन उघडायचं की नाही

अमळनेर,
९ नोव्हेंबर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "ती गाडी अजून आहे का?" मी "आहे" म्हणून विषय बदलला. खरं तर महिनाभर दुसरं काही सुचत नाही. गाडी ऑइल खाते आहे.

दसऱ्याआधी ऑइल बदललं, वरच्या खुणेपर्यंत भरलं आणि वहीत किलोमीटर लिहिले. ७०० किलोमीटरला ऑइल मोजायची काडी ओढली तर ऑइल खालच्या खुणेला! जवळजवळ लिटर गेलं. फरशीवर थेंब नाही, रेडिएटरच्या पाण्यावर तवंग नाही. म्हणजे जळतंच आहे. एका गॅरेजवाल्याने धूर बघूनच सांगितलं, "इंजिनचं काम निघेल, ४५ हजार." गाडी २००९ ची, विकली तर ६०-६५ हजारांवर कुणी देणार नाही. मागच्या वर्षी पंधरा वर्षं भरली तेव्हा ५,००० रुपये फी आणि वर पर्यावरण कर भरून पासिंग करून घेतलं, ते २०२९ पर्यंत आहे. घरचे म्हणतात, काढून टाक.

पण अण्णांना आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिसला याच गाडीतून नेत होतो, तुला माहीत आहे. मागच्या सीटच्या कोपऱ्यात त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे. तो मी पुसलेला नाही.

दिवाळीत संभाजीनगरहून येताना कन्नड घाट उतरलो, सेकंड गिअरवर, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून. खाली येऊन पाय दाबला आणि आरशात निळा धूर, मागचा मोटरसायकलवाला दिसेना. सकाळी स्टार्ट केली की तसाच एक लोट, अर्ध्या मिनिटात साफ. सरळ रस्त्यावर मात्र कितीही ओढली तरी धूर नाही. हे मी गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना सांगितलं. ते अहिराणीत म्हणाले, "भाऊ, गाडी तेल खास, पन इंजिन गयं नही." म्हणजे तेल खाते, पण इंजिन गेलेलं नाही.

त्यांनी चारही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं: ११.५, ११, ११.५, ११; चारही जवळपास सारखे. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. काटा जेमतेम हलला. पिस्टनच्या रिंग झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून काटा चांगलाच चढला असता. म्हणजे दोष वाल्व सीलचा. इतक्या वर्षांच्या उष्णतेने रबर कडक झालंय, हेडमधलं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातलं, ऑइल वाल्वच्या दांडीवरून खाली झिरपतं. रात्रभर साचलेलं सकाळी जळतं, आणि घाट उतरताना तर इंजिन ते ओढूनच घेतं.

त्यासाठी हेडही उतरवावं लागत नाही. प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन वाल्व वर धरतात आणि स्प्रिंग काढून सील बदलतात. सहा हजारांत होईल. एवढं मी करणार, इंजिन उघडणार नाही. त्यानंतरही ऑइल असंच गेलं तर गाडी विकेन आणि अण्णांचं नाव मध्ये आणणार नाही. हा शब्द तुला देतो, कारण ऐन वेळी माझं मन फिरेल. तोवर रोज सकाळी काडी बघतो. ऑइल कमी पडून बेअरिंग गेलं तर सगळंच संपलं.

गाडी शनिवारी मिस्त्रींकडे लागेल. पुढच्या रविवारी तुझी गाडी घेऊन चाळीसगावला ये. घाट चढून जाऊ. उतरताना तू माझ्या मागे राहा आणि खाली आल्यावर धूर दिसतो का ते नीट बघ. मग घरी ये, भरीत-पुरीचा बेत आहे. वहिनींनाही आण.

तुझा,
विलास