बाबांच्या रक्ततपासणीविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमचा लिपिड प्रोफाइलचा अहवाल मिळाला. एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ११२ पाहून तुम्ही निर्धास्त झालात, पण माझे समाधान झालेले नाही. अनेक प्रयोगशाळांत हा आकडा थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड्सचा (रक्तातल्या चरबीचा) पाचवा हिस्सा वजा करून तो काढतात. तुमचे १९० वजा ३६ वजा ४२, म्हणजे नेमके ११२. तुमच्यासारखा मधुमेह असला आणि ट्रायग्लिसराइड्स २१० असले की एलडीएलचे कण आकाराने लहान होतात, प्रत्येकात कोलेस्टेरॉल कमी भरते, आणि धमन्यांच्या अस्तरात शिरणाऱ्या कणांची संख्या पुष्कळ असूनही एलडीएल बेताचेच दिसते. अशा प्रत्येक कणावर अपोबी या प्रथिनाचा एकच रेणू असतो, त्यामुळे अपोबी मोजले की कणांची खरी संख्या कळते. म्हणून ही पहिली तपासणी करा.

दुसरी तपासणी लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारख्याच एका कणाची. हिच्याबद्दल मी हट्टच धरणार आहे. अण्णाकाकांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले नव्हते, हे तुम्हीच सांगता. लायपोप्रोटीन-ए आनुवंशिक असते, पथ्याने वा चालण्याने फारसे हलत नाही, म्हणून बहुतेकांना आयुष्यात एकदा मोजले तरी पुरते. ते दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर गेले तर धोका वाढलेला मानतात, आणि तसे निघाल्यास दादाने आणि मीही तपासून घ्यायला हवे.

आई, तुझे एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) मात्र इतक्यात नको. ते ३ च्या वर असणे हृदयासाठी चांगले नव्हे, पण साध्या तापानेही ते चढते; ताप उतरून दोन-तीन आठवडे जाऊ देत. पॅकेजमधल्या होमोसिस्टीनवर (रक्तातल्या एका अमिनो आम्लाच्या तपासणीवर) पैसे घालू नका. बी जीवनसत्त्वांनी ते उतरते, पण त्यामुळे हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसले नाही.

छातीत दुखले, दम लागला, तर यातल्या कशाचीही वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे. ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाची) तपासणी तिथे, त्या वेळी करायची असते.

अपोबी आणि लायपोप्रोटीन-ए यांना उपाशी राहावे लागत नाही, तेव्हा बाबांनी न्याहारी आणि साखरेची गोळी चुकवू नये. अहवाल आल्यावर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही गोळी वाढवू अथवा बंद करू नका.

तुमची,
मनू