श्रीलंकेतील एका मुंगीचे एकटेपण

संपादक महोदय,

श्रीलंकेतील वन्यजीवांचा विषय निघाला की लेखणी हत्ती आणि बिबट्या यांच्यापाशीच थांबते. त्याच बेटावरील ‘अनेयुरेटस सिमोनी’ या मुंगीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

ही मुंगी काही मिलिमीटरची, पिवळसर रंगाची आहे. मुंग्यांच्या एका संपूर्ण उपकुळातील आज जिवंत असलेली ही एकमेव जाती होय. या उपकुळातील इतर मुंग्या केवळ जीवाश्मरूपात उरल्या आहेत. त्यांतील काही बाल्टिक प्रदेशातील तृणमण्यांत, म्हणजे दगडासारख्या घट्ट झालेल्या प्राचीन राळेत, अडकलेल्या आढळल्या, तर काही अमेरिकेतील कोलोरॅडोच्या सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत. म्हणजे एकेकाळी उत्तर गोलार्धात दूरवर पसरलेला हा वंश आता एका बेटाच्या पावसाळी जंगलापुरता राहिला आहे. तिच्या सर्वांत जवळच्या नातलग मुंग्यांची नांगी निरुपयोगी झाली असून त्या रासायनिक स्रावांवर भिस्त ठेवतात. हिची नांगी मात्र अजून कामाची आहे. जुन्या शरीररचनेच्या अशा खुणा जिवंत प्राण्यात तपासता येणे, हे मुंग्यांच्या उत्क्रांतीचा माग काढणाऱ्यांसाठी किती मोलाचे असेल!

फ्रेंच निसर्गअभ्यासक यूजीन सिमों यांनी सिलोनमध्ये गोळा केलेल्या नमुन्यांवरून इटालियन कीटकशास्त्रज्ञ कार्लो एमेरी यांनी १८९३ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव सिमों यांच्यावरून ठेवले. पुढे १९५५ मध्ये मुंग्यांचे अमेरिकन अभ्यासक एडवर्ड विल्सन तिच्या शोधात श्रीलंकेला गेले, तेव्हा रत्नपुरा परिसरातील गिलिमाले येथील जंगलात त्यांना तिची जिवंत वारुळे सापडली. वारुळे म्हटले तरी मातीचे उंच ढिगारे डोळ्यांसमोर आणू नयेत. जंगलाच्या तळाशी कुजत पडलेल्या लाकडात ही मुंगी घर करते आणि तिची वसाहतही लहानच असते.

तिच्या रक्षणाचा खरा प्रश्न मला इथेच दिसतो. बेटाच्या नैर्ऋत्येकडील आर्द्र, सखल भागातील मूळचे अरण्य चहा, रबर आणि शेतीसाठी मोठ्या प्रमाणावर तोडले गेले असून, उरलेल्या जंगलाचे तुकडे एकमेकांपासून तुटले आहेत. जागतिक निसर्गसंरक्षण संघाच्या लाल यादीत ही मुंगी ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदलेली आहे. याच भागातील सिंहराजा अरण्याला १९८८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, ही निश्चितच समाधानाची बाब आहे. परंतु त्याच्या सीमेबाहेरील लहान जंगलांनाही तितकेच कडक संरक्षण हवे, आणि तेथे पडलेले ओंडके सरपणासाठी किंवा साफसफाईच्या नावाखाली उचलले जाऊ नयेत. उभी झाडे राखली आणि तळाचे कुजके लाकूड नेले, तर या मुंगीला राहायला जागाच उरत नाही.

आपल्या दैनिकाने शेजारी देशातील निसर्गाविषयी लिहिताना या मुंगीलाही जागा द्यावी, ही विनंती.

— एक वाचक